दिवा लागणें आणि दिवा लावणें

दिवेलागणीची वेळ महाराष्ट्रांतील घराघरांत फार जुन्या काळापासून ओळखीची आहे. तेलवात गेली, कंदिलाची कांच राखेनें पुसण्याचें काम गेलें, विजेच्या बटणांनीं भिंतींवर ठाण मांडलें. तरी ‘दिवा लावला का?’ हा संध्याकाळचा प्रश्न घरांतून गेला नाहीं. या प्रश्नांतील क्रियापद विचार करण्यासारखें आहे. दिवा लागणें ही नुसती घटना होय; दिवा लावणें ही माणसाची कृति होय. अलीकडे दिवे आपोआप लागूं लागले आहेत. जिन्यांत पाऊल पडतांच ते लागतात, सूर्य मावळतांच रस्त्यावर लागतात, आणि त्यांत सोय आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या माणसाला अंथरुणांतून उठणेंच कठीण झालें आहे, त्याच्या दृष्टीनें या दोन क्रियापदांतील अंतर फार मोठें ठरतें. प्रस्तुत भाषणाचा विषय असाच एक घरगुती दिवा आहे. एलईडीची एक पट्टी, तिला पुरेल इतकी वीज, आणि लांबून ती लावण्यासाठीं एक रिमोट, एवढेंच त्याचें साहित्य. हें सारें बाजारांत तयारही मिळतें. मग तें घरीं बसून जुळविण्यांत काय साधतें, हें एका कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेंत, जुना वाडा पाडून त्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या एका इमारतींत हें कुटुंब राहतें. आजी ऐंशीच्या घरांतली. मुलगा आणि सून दोघेंही नोकरी करणारीं. नातू तंत्रनिकेतनांत शिकणारा. आजीची खाट बाहेरच्या खोलींत आहे. तेथून न्हाणीघरापर्यंत तिचीं दहा-अकरा पावलें होतात. मध्यें एक अरुंद बोळ आणि शेवटीं चार बोटें उंचीचा उंबरठा. सून पहाटे उठून कामावर जाणारी. मोठा दिवा लावला तर तिची झोप मोडेल, म्हणून आजी रात्रीं भिंत चांचपीत अंधारांतूनच जात असे. एका पावसाळ्यांत तिचा पाय त्या उंबरठ्याला अडखळला आणि उजवें मनगट मोडलें.

हाड यथाकाल सांधलें. परंतु दुसरें एक नुकसान लवकर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. आजीच्या उशाशीं रोज रात्रीं पाण्यानें भरलेला तांब्या ठेवण्याचा त्या घराचा रिवाज होता. तो तांब्या सकाळीं भरलेलाच राहूं लागला. सुनेनें दोन-चार दिवस तें पाहिलें आणि मग एके दिवशीं कारण विचारलें. रात्रीं उठण्याचा प्रसंगच येऊं नये म्हणून आजीनें संध्याकाळनंतर पाणी पिणें सोडून दिलें होतें. डॉक्टरांनीं हें ऐकतांच त्याचा निषेध केला. कारण म्हातारपणीं तहान मुळांतच मंद होते, पाणी कमी पडलें कीं चक्कर येते, आणि चक्कर आली कीं पुन्हां पडण्याचें भय. म्हणजे ज्या पडण्याच्या धास्तीनें पाणी सोडलें, तेंच पडणें त्या उपायानें अधिक जवळ येत होतें.

त्याच सुमारास गणेशोत्सव येऊन गेला होता. मखराच्या सजावटीसाठीं नातवानें बुधवार पेठेंतील बाजारांतून रंगीत एलईडीची पांच मीटर लांबीची पट्टी आणली होती. विसर्जनानंतर ती गुंडाळून माळ्यावर जाणार, इतक्यांत आजीच्या तांब्याची हकीकत त्याच्या कानावर आली, आणि त्या पट्टीला नवें काम मिळालें.

या पट्टीचा पूर्वेतिहास नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. बिनतारी यंत्रांच्या पहिल्या काळांत लहरी पकडण्यासाठीं निरनिराळे स्फटिक वापरीत असत. त्यांपैकीं एक कार्बोरंडमचा. सन १९०७ मध्यें मार्कोनीच्या कंपनींत काम करणारे हेन्री राउंड यांना अशा स्फटिकांतून वीज सोडली असतां त्याच्या टोंकाशीं पिवळसर उजेड दिसला. तो तापलेल्या तारेचा उजेड नव्हता. दगड थंडच होता. त्यांनीं एक छोटेंसें टिपण प्रसिद्ध केलें आणि तें पुढें विस्मृतींत गेलें. रशियांतील रेडियो प्रयोगशाळेंत काम करणारा ओलेग लोसेव यानें १९२० नंतरच्या दशकांत तोच उजेड पुन्हां पाहिला व त्याचा चिकाटीनें अभ्यास केला. १९४२ मध्यें लेनिनग्राडच्या वेढ्यांत उपासमारीनें त्याचा अंत झाला. दृश्य तांबडा प्रकाश देणारा, व्यवहारांत उतरण्याजोगा एलईडी अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ मध्यें तयार केला. हिरवा हाताशीं आला. निळा मात्र तीस वर्षें हुलकावण्या देत राहिला. तो प्रश्न जपानांतील इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा यांनीं सोडविला, आणि त्याबद्दल २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. निळा साधला तेव्हांच पांढरा उजेड साधला. मखराच्या पट्टीवरील सारे रंगही तेव्हांच शक्य झाले. रेडियोच्या स्फटिकांत प्रथम दिसलेला तो क्षीण उजेड शंभराहून अधिक वर्षांनीं पुण्यांतील एका खाटेखालीं येऊन पोंचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां पट्टीची रचना पाहूं. तिच्यावर दर मीटरला साठ दिवे बसविलेले असतात, आणि प्रत्येक दिव्याच्या पोटांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन कण असतात. तीन-तीन दिव्यांची एक माळ करून तिला प्रवाह आवरणारा रोध जोडलेला असतो. म्हणून दर पांच सेंटिमीटरांवर कात्रीची खूण असते आणि पट्टी तेथेंच कापावी लागते. खूण सोडून भलतीकडे कापली तर तेवढी माळ निकामी होते. पट्टीला १२ व्होल्टचा दाब लागतो. तिन्ही रंग पूर्ण तेजानें लावल्यास या जातीची पट्टी मीटरमागें सुमारें १४.४ वॅट वीज घेते. पांच मीटरांना ७२ वॅट झाले. १२ व्होल्टला हिशेब केला तर प्रवाह ६ अँपियर. यासाठीं वीज पुरविणारा अडॅप्टर नेमका ६ अँपियरचा न घेतां आठ-दहा अँपियरचा घ्यावा, म्हणजे तो रात्रंदिवस आपल्या शक्तीच्या शेवटच्या टोंकाला राबत नाहीं. पट्टीच्या अंगीं असलेली तांब्याची रेघ फार पातळ असते. त्यामुळें लांब पट्टीच्या दूरच्या टोंकाला दाब कमी पडतो, निळा व हिरवा हे रंग आधीं क्षीण होतात, आणि पांढरा उजेड तांबूस दिसूं लागतो. दोन्ही टोंकांना तारा नेऊन जोडल्या कीं हा दोष बराचसा जातो.

पट्टीला चार तारा असतात: एक सर्वांना समाईक अशी १२ व्होल्टची, आणि एकेक तीन रंगांची. रंगाची तार ऋण बाजूस जोडली कीं तो रंग पेटतो. हें जोडणें-तोडणें हातानें न करतां मॉस्फेट नांवाच्या तीन पायांच्या तुकड्याकडून करवितात. त्याच्या एका पायाला अल्पसा दाब दिला कीं दुसऱ्या दोन पायांमधील वाट मोकळी होते. एखाद्या कालव्याच्या दारावर बसलेल्या रखवालदारासारखें त्याचें काम. रखवालदाराला हुकूम देणारा निराळा, आणि तो म्हणजे आर्डुइनो या नांवाचा तळहातावर मावणारा फलक. त्याच्यांतील सूक्ष्म नियंत्रकाला एकदां कामाचा क्रम लिहून दिला कीं तो न कंटाळतां पाळतो. फलकाची ऋण तार आणि अडॅप्टरची ऋण तार एकमेकींस जोडणें मात्र विसरूं नये. नाहीं तर हुकूम देणारा आणि घेणारा यांची भाषाच जुळत नाहीं.

उजेड कमी-अधिक करण्याची युक्ति मोठी गमतीची आहे. हा फलक दिवा मंद करण्यासाठीं दाब कमी करीत नाहीं. तो दिवा सेकंदाला सुमारें ४९० वेळां लावतो आणि विझवितो. लावलेला काळ अधिक असला कीं उजेड भरपूर, विझलेला काळ अधिक असला कीं मंद. डोळ्याला ती उघडझांप कळत नाहीं, सरासरी तेवढी कळते. शून्यापासून २५५ पर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. पण येथें डोळ्याचा स्वभाव आड येतो. अंधारांत डोळा अगदीं थोड्या उजेडालाही फार मानतो, आणि भर उजेडांत पुष्कळ वाढीचीही दखल घेत नाहीं. म्हणून पायऱ्या सारख्या अंतरानें चढविल्या तर पहिल्या दहा-वीस पायऱ्यांतच उजेड एकदम उसळतो, आणि पुढच्या दोनशेंत कांहींच घडत नाहींसें वाटतें. झोपेंतून उठलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना तो उसळलेला उजेड बोंचतो. याला उपाय असा, कीं आरंभीच्या पायऱ्यांवर रेंगाळावें आणि वरच्या पायऱ्या भरभर चढाव्या. रात्रीचा रंगही विचारपूर्वक निवडावा लागतो. निळसर उजेड शरीराला दिवस उजाडल्याचा भास करून देतो व झोप उडवितो. म्हणून नातवानें निळा रंग अजिबात वगळला. तांबडा ४० वर आणि हिरवा १२ वर ठेवला असतां निरांजनासारखा उबदार उजेड मिळाला, आणि साऱ्या पट्टीचा खर्च पांच वॅटांच्या आसपास आला.

पट्टी कोठें लावावी, हाही प्रश्न कमी महत्त्वाचा नव्हता. छताखालीं लावली तर उजेड डोळ्यांत जातो. ती खाटेच्या कडेखालून, पुढें बोळाच्या भिंतीला घोट्याइतक्या उंचीवरून अशी नेली, कीं उजेड जमिनीवर पडावा आणि दिवा दिसूं नये. उंबरठ्याच्या अलीकडे ती थांबविली; पाण्याच्या जागेंत ती नेलीच नाहीं.

आतां राहिला रिमोट. लांबून यंत्र चालविण्याची हौस माणसाला जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक छोटी नौका तारेवांचून चालवून दाखविली होती. घरगुती उपयोगाच्या रिमोटांपैकीं १९५५ चा झेनिथ कंपनीचा ‘फ्लॅशमॅटिक’ हा साध्या प्रकाशाच्या झोतानें चाले; दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांवर बसविलेले डोळे तो झोत ओळखीत. अडचण इतकीच, कीं खिडकींतून आलेलें ऊन त्या डोळ्यांना हुकमासारखेंच वाटे. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट अॅडलर यांच्या रिमोटांत प्रकाशाऐवजीं माणसाच्या कानाला न ऐकूं येणारा आवाज वापरला गेला. आजचा घरोघरचा रिमोट पुन्हां प्रकाशाकडे वळला आहे, पण तो प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, विल्यम हर्शेल यांनीं १८०० मध्यें शोधलेल्या अवरक्त किरणांचा. उन्हांतही ते किरण असतात. म्हणून रिमोटचा प्रकाश सेकंदाला ३८,००० वेळां उघडझांप करीत पाठवितात, आणि ग्रहण करणारा तुकडा फक्त त्याच ठेक्यानें येणाऱ्या प्रकाशाला उत्तर देतो. स्थिर उन्हाकडे तो दुर्लक्ष करतो. या तुकड्याला तीनच पाय असतात, मात्र त्यांचा क्रम निरनिराळ्या जातींत निराळा असतो. जोडण्यापूर्वीं त्या जातीचा तक्ता पाहिला नाहीं तर तुकडा क्षणांत जळतो.

त्या ठेक्यावर स्वार होऊन निरोप येतो. पुष्कळ रिमोटांत त्याची रीति अशी असते: प्रथम ९ मिलिसेकंदांचा लांब प्रकाश, मग साडेचार मिलिसेकंदांची विश्रांति, आणि नंतर ३२ खुणा. त्या खुणांत प्रथम यंत्राचा पत्ता, मग तोच पत्ता उलट करून. पुढें बटणाचा क्रमांक, आणि मग तोच क्रमांक उलट करून. उलट प्रत मूळ प्रतीशीं जुळली तरच निरोप खरा मानावयाचा. सावकारानें आंकडा अंकीं लिहून पुन्हां अक्षरीं लिहावा, तशी ही सावधगिरी आहे. घरांत मोडीत काढलेल्या एका दूरचित्रवाणी संचाचा रिमोट खणांत पडून होता. नातवानें त्याचें एकेक बटण दाबून त्याचा क्रमांक फलकाकडून वाचून घेतला आणि त्याच रिमोटला कामाला लावलें. असा रिमोट जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोपी परीक्षा आहे. मोबाईल फोनचा कॅमेरा त्याच्या टोंकाकडे धरून बटण दाबलें, तर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पुष्कळ फोनांच्या पडद्यावर जांभळट ठिपक्यासारखा दिसतो.

काम सरळ झालें असें मात्र नाहीं. बाजारांतून प्रथम आणलेला मॉस्फेट अशा जातीचा निघाला, कीं त्याची वाट पूर्ण मोकळी होण्यास दहा व्होल्टचा हुकूम लागतो. फलक पांचच देतो. अर्धवट उघडलेल्या वाटेंतून प्रवाह रेटला गेला आणि तुकडा हाताला चटका बसेल इतका तापला. पांच व्होल्टला पूर्ण उघडणाऱ्या जातीचा मॉस्फेट बसविला तेव्हां तोच प्रवाह जाऊनही तो जेमतेम कोमट झाला. दुसरी अडचण अधिक बुचकळ्यांत टाकणारी होती. रिमोट जोडण्यापूर्वीं तिन्ही रंग हवे तसे मंद होत. रिमोट जोडल्यावर तांबडा मंद होईना. तारा बदलल्या, डाग पुन्हां दिले, तरी व्यर्थ. दोन संध्याकाळी गेल्यावर उलगडा झाला. फलकाच्या पोटांत काळ मोजणारीं तीन घड्याळें असतात. रिमोटचे निरोप वाचणारा कार्यक्रम त्यांतलें एक स्वतःसाठीं घेतो, आणि त्याच घड्याळावर ३ व ११ या क्रमांकांच्या खुंट्यांचा मंदपणा अवलंबून असतो. तांबडी तार ३ वरून ९ वर हलवितांच दोष नाहींसा झाला. तयार आणलेल्या यंत्रांत असा दोष निघाला असता, तर तें टाकून देण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती, आणि ती विजेची नव्हती. पहिल्या रात्रीं आजी दोन वाजतां उठली, उशाखालचा रिमोट घेतला आणि अंधारांत त्यावर बोटें फिरवूं लागली. बटणें चाळीसावर, त्यांतलें दिव्याचें कोणतें, हें चष्म्यावांचून कळेना. तिनें दोन-तीन दाबलीं, कांहीं झालें नाहीं. आणि ती पूर्वींसारखीच भिंत चांचपीत गेली. सकाळीं तिनें हें कोणाला सांगितलेंही नाहीं. नातवानें विचारलें तेव्हां इतकेंच म्हणाली, “छान आहे रे तुझा दिवा. माझ्याच हाताला जमेना.”

त्या वाक्यानें नातू वरमला. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्यानें कार्यक्रम नव्यानें लिहिला. आतां त्या रिमोटचें कोणतेंही बटण दाबलें तरी एकच गोष्ट घडणार: दिवा हळूहळू उजळणार, दहा मिनिटें राहणार, आणि मग मिनिटभरांत हळूहळू मावळणार. दिवा असतांना पुन्हां दाबलें तर आणखी दहा मिनिटें मिळणार. विझविण्यासाठीं बटणच ठेवलें नाहीं. म्हणजे चुकीचें बटण दाबून बोळांत मध्येंच अंधार होण्याचें भय उरलें नाहीं.

“आजी, तू नुसतें कुठलेंही बटण दाब,” तो म्हणाला.

“आणि बंद कोण करणार? रात्रभर वीज जळायची.”

“कोणी करायला नको. तो आपला आपण निजेल.”

दुसऱ्या रात्रीं निराळीच अडचण निघाली. ग्रहण करणारा तुकडा पट्टीबरोबर खाटेखालीं बसविला होता, आणि आजी उताणी निजून रिमोट छताकडे धरीत होती. शिवाय वर पांघरूण. अवरक्त प्रकाशही प्रकाशच. तो गोधडींतून जात नाहीं. मात्र पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून आणि छतावरून तो परततो. तो तुकडा खाटेच्या पायथ्याकडील भिंतीवर उंच बसविला, तेव्हां रिमोट कसाही धरला तरी छतावरून परतलेला निरोप त्याला पोंचूं लागला. माणसाला रिमोट धरण्याची रीत शिकविण्यापेक्षां, तें माणूस तो जसा धरतें तेथें यंत्राचा डोळा नेणें सोपें होतें.

मुलानें मध्यें एक सूचना केली होती. माणसाची हालचाल ओळखून दिवा लावणारा संवेदक थोडक्या पैशांत मिळतो. तो बसवावा, म्हणजे रिमोटची यातायातच नको. सूचना व्यवहार्य होती, आणि ज्या घरीं म्हाताऱ्या माणसाला बटण दाबण्याचेंही भान राहत नाहीं तेथें तीच योग्य ठरावी. आजीनें मात्र ती मानली नाहीं. “मी कूस वळले कीं दिवा लागायचा,” ती म्हणाली, “उठून बसले कीं लागायचा. माझ्यावर राखण बसवली आहे का? मला हवा तेव्हां मी लावीन.” मनगट मोडल्यापासून घरांतील पुष्कळ गोष्टी तिच्यासाठीं इतर माणसें करूं लागलीं होतीं. हा दिवा तरी तिला स्वतः लावावयाचा होता.

असा दिवा करूं इच्छिणाऱ्यांनीं कांहीं मर्यादा ओळखून असाव्या. भिंतींतील २३० व्होल्टची बाजू घरगुती प्रयोगाची जागा नव्हे. तेथें भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेला तयार अडॅप्टरच वापरावा आणि तो उघडूं नये. १२ व्होल्टचा दाब कोरड्या हाताला धक्का देत नाहीं, हें खरें. पण त्यामुळें तो निरुपद्रवी ठरत नाहीं. सैल जोडणींतून पांच-सहा अँपियर प्रवाह वाहूं लागला तर ती जागा तापून वेष्टन वितळूं शकतें. म्हणून डाग पक्के द्यावे, तारा पुरेशा जाड घ्याव्या, अडॅप्टरजवळच योग्य मापाचा फ्यूज बसवावा, आणि पट्टी गुंडाळीवर असतांना फार वेळ लावून पाहूं नये. गुंडाळींत उष्णतेला बाहेर पडावयास वाट नसते. वीज गेली कीं हा दिवाही जातो; त्यासाठीं उशाशीं एक साधी विजेरी असूं द्यावी. नातवानें आणखी एक काळजी घेतली. वीज जाऊन परत आली, तर फलक प्रथम तोच मंद उजेड दहा मिनिटें देतो. कारण बोळांत कोणी मध्येंच अडकलें असण्याचा संभव असतो.

बाजारांतील तयार संचांत रंग अधिक असतात, चमत्कृतीही अधिक; आणि शोभेसाठीं ते उत्तमच आहेत. परंतु त्यांची रचना कोणत्याही घरासाठीं केलेली असते, म्हणून ती एका विशिष्ट घरच्या एका माणसाची रात्र ओळखीत नाहीं. विझविण्याचें बटण काढून टाकावें, निळा रंग वगळावा, छताकडे धरलेला रिमोट चालावा, या मागण्या कोणत्याही दुकानाच्या यादींत बसणाऱ्या नाहींत. त्या त्या घरांत, त्या बोळांत, रात्रीं दोन वाजतां उद्भवतात, आणि ज्यानें यंत्र स्वतः जुळविलें आहे त्यालाच त्या पुरवितां येतात. घरीं बनविण्याचें मोल पैशांच्या बचतींत शोधलें तर तें फारसें सांपडणार नाहीं. वेळेचा हिशेब धरला तर तें महागच पडतें.

आजी आतां संध्याकाळीं देवापुढें निरांजन लावते, आणि नंतर खाटेवर बसून रिमोटचें एक बटण दाबून पाहते. बोळांत उजेड चढतो, दहा मिनिटांनीं मावळतो. सेल ठीक असल्याची खात्री होते. नातवानें ही तपासणी कधीं सांगितली नव्हती. दिवेलागणीबरोबर तिनें ती स्वतःच सुरूं केली. नवा कार्यक्रम लिहिल्यावर सुमारें पंधरा दिवसांनीं सुनेनें सकाळीं आजीच्या उशाशीं ठेवलेला तांब्या उचलला, तो हाताला हलका लागला. तिनें तो घासून ठेवला आणि रात्रीं पुन्हां भरला.